‘शारदा’ बसवताना

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद, वडीलधारी मंडळी, आणि तालमीहून मुलं उशिरा घरी यायची म्हणून आमच्यावर अजून रागावलेले समस्त पालक, सगळ्यांना नमस्कार.

आम्ही दोघी नणंद-भावजय. एकीनं हे भाषण लिहिलं आहे, दुसरी वाचते आहे. तेव्हा चुका निम्म्या-निम्म्या वाटून घ्याव्यात. गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंचावर ‘संगीत शारदा’ झालं, ते आम्ही बसवलं होतं. यंदा नाटक बसवायला नवी मंडळी पुढे आली आहेत. त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगा, असा अध्यक्षांचा आग्रह पडला. आमचा अनुभव एकाच नाटकाचा. आयुष्यात त्याआधी आम्ही हळदीकुंकवाला नाट्यछटा बसवल्या होत्या, तेवढंच. पण त्या एका नाटकात आमच्या हातून एक मोठी चूक झाली. ती सांगितली तर तुमच्या हातून होणार नाही, म्हणून उभ्या राहिलो.

सुरुवात मे महिन्यातल्या बैठकीत झाली. गणपतीत नाटक कोणतं आणायचं यावर चर्चा चालू होती. ‘आणायचं’ हा शब्द लक्षात घ्या. बरीच वर्षं आपण नाटक पुण्या-मुंबईहून आणतो. बिदागी, बस, उतरायची सोय, सकाळचे पोहे-जिलबी, सगळं आपण प्रेमानं करतो. येणारे कलावंत चांगलेच असतात, तक्रार नाही. पण आपल्या घरातलं माणूस मंचावर आणि आपण खाली बसून त्याला विसरू नको, विसरू नको म्हणून मनातल्या मनात धाक घालतो आहोत, ही मजा हरवली होती. त्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, “‘शारदे’चा पहिला प्रयोग कुठे झाला, ठाऊक आहे का?” कोणी पुणं म्हणालं, कोणी मुंबई. ते म्हणाले, “इथे. इंदुरात. जानेवारी १८९९.”

बैठक एकदम शांत झाली. राजवाड्याभोवती जन्म गेलेली आम्ही माणसं, आणि हे आमच्यापैकी निम्म्यांना माहीत नव्हतं. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीनं प्रथम आपल्या गावात केलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० चं, ‘सौभद्र’ १८८२ चं. संगीत नाटकाची गोडी त्यांनी लावली, पण कथा पुराणातल्या. देवलांनी त्याच गाण्या-बजावण्यात त्यांच्या काळातलं घर आणलं. पंचाहत्तरीचा श्रीमंत वर, पैसे घेऊन मुलगी द्यायला निघालेला बाप, मध्ये दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि ज्या मुलीला कोणी काही विचारत नाही ती शारदा. हे पहिल्यांदा पाहणारी माणसं आपल्या याच गावातली होती. आपल्यापैकी कोणाचे पणजोबा तिथे जमिनीवर बसलेले असतीलही.

एवढं ऐकल्यावर आम्ही दोघींनी हात वर केला. त्या रात्री घरी गेल्यावर एकमेकींना विचारलं, “तू का वर केलास?” तोवर उशीर झाला होता.

आता कामाच्या गोष्टी.

पहिली काटछाट. नाटक पाच अंकी. जुन्या काळी पदांवर पदं, त्यावर ‘वन्समोअर’, असं करत पहाट व्हायची. आपल्याकडे आरती साडेसातला, ती लवकर संपली तरी नाटकाला सव्वाआठ. आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा हा नियम. म्हणजे हातात पावणेदोन तास. पदं ठेवायची किती? आम्ही नियम केला, जे पद काढलं तर गोष्ट अडते तेवढंच ठेवायचं. त्या नियमानं नऊ उरली. मग अर्ज येऊ लागले. एका आजोबांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी अमुक पद म्हटलं होतं. एका मावशींच्या वडिलांचं ते आवडतं. शेवटी अकरावर तह झाला. प्रत्येक पद दोन ते तीन मिनिटांत बसवलं. ताना कमी, शब्द स्पष्ट. एका बैठकीच्या गवयांना हे रुचलं नाही. त्यांना सांगितलं, “काका, मैफलीत तुम्ही अर्धा तास घ्या, आम्ही पुढे बसून दाद देऊ. इथे तुम्ही गात असताना शारदेचं लग्न ठरतं आहे, तिला थांबवून ठेवता येणार नाही.” ते हसले आणि मग तेच रोज येऊन मुलांचं गाणं घासून घेऊ लागले.

दुसरी पट्टी. आमच्या पेटीवाल्या काकांना सगळी पदं पाठ, पण त्यांच्या बोटांना सवय असलेल्या पट्टीत. आमचा कोदंड काळी एकच्या वर गेला की आवाज चोरायचा, आणि शारदेला तीच पट्टी फार खाली पडायची. काकांनी सत्तराव्या वर्षी सगळी पदं नव्या पट्ट्यांत बसवली. घरी पहाटे वाजवायचे, असं काकूंनी सांगितलं, तक्रारीच्या सुरात पण चेहऱ्यावर कौतुक. तयार ट्रॅकवर गाऊन घ्या, स्वस्त पडेल, असा सल्ला आम्हाला बऱ्याच जणांनी दिला होता. नवीन मंडळींना आमचं हात जोडून सांगणं, ते करू नका. ट्रॅक गाणाऱ्याची वाट पाहत नाही. पेटीवाले काका पाहतात. ऐन प्रयोगात आमचे भुजंगनाथ एक ओळ विसरले तेव्हा काकांनी तोच तुकडा तीनदा फिरवून वाजवला, तबल्यानं साथ धरली, आणि लोकांना वाटलं की म्हातारा मुद्दाम लाडात येऊन थांबला आहे. टाळ्या पडल्या.

तिसरी माणसं. भूमिका करायला तेवीस जण आले. त्यातले सतरा साठीच्या पुढचे. भुजंगनाथासाठी सहा उमेदवार, कोदंडासाठी एकही नाही. आपली पंचविशी-तिशीतली मुलं पुण्यात, बंगळुरात, त्याहून लांब. हे दुखणं प्रत्येक घरात आहे, उगाळत बसत नाही. शेवटी रात्रपाळीत संगणकावर काम करणारा एक मुलगा मिळाला. तो संध्याकाळी सात ते नऊ यायचा आणि तिथूनच कामाला जायचा. त्याच्या वेळेवर आम्ही सगळ्या तालमी बांधल्या. निवृत्त मंडळींना वेळच वेळ, त्यांनी समजून घेतलं. नाटक बसवताना ज्याला सगळ्यात कमी वेळ आहे त्याच्या घड्याळावर वेळापत्रक लावा, एवढं लक्षात ठेवा.

आणि शारदा. एकोणीस वर्षांची मुलगी, कॉलेजात शिकणारी. गाणं रीतसर शिकलेली. आवाज असा की पहिल्या दिवशी तिनं सूर लावला आणि वरच्या हॉलमध्ये खुर्च्या लावणारे दोघे हातातल्या खुर्च्या तशाच धरून उभे राहिले. आमची काळजी मिटली. ती तिथेच सुरू व्हायला हवी होती.

आता ती चूक. ही गोष्ट आम्ही तिच्या परवानगीनं सांगतो आहोत.

मुलगी बोलू लागली की इंदूर बोलायची. आपण सगळे बोलतो तसं. “मी आली.” “मी काय करून राह्यली होती.” ‘ळ’च्या जागी ‘ल’. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ या दोन शब्दांतला ‘च’ वेगवेगळा आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आजूबाजूला हिंदी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, मराठी फक्त घरी आजीशी. देवलांची शारदा मात्र “आले” म्हणते, “गेले” म्हणते. आम्हाला वाटलं, आता हे शुद्ध करणं हे आपलं काम. एकीनं शाळेत मराठी शिकवण्यात तीस वर्षं घालवली, तिच्या हातात पेन्सिल आली की ती थांबत नाही. दुसरी माहेरची पुण्याची, तिच्या कानाला खटकलं की तोंडावर दिसतं. आम्ही त्या पोरीला वाक्यावाक्याला थांबवलं. “आली नाही गं, आले.” “फल नाही, फळ.” “पुन्हा म्हण.” पहिल्या अंकाच्या तिच्या वहीत आम्ही केलेल्या एक्केचाळीस खुणा आहेत. पुढे आम्ही त्या मोजल्या, म्हणून आकडा सांगता येतो.

आम्हाला वाटत होतं की ती सुधारते आहे. खुणा कमी होत होत्या. त्या कमी होत होत्या कारण तिचा आवाज कमी होत होता, हे आमच्या लक्षात आलं नाही. पद आलं की मोकळी व्हायची, आणि संवाद आला की पुटपुटायची. चहाच्या सुट्टीत पहिल्या आठवड्यात बडबडणारी मुलगी पाचव्या आठवड्यात मोबाइल घेऊन खिडकीशी बसायची. आम्ही आपसात म्हणालो, भूमिकेत शिरते आहे, शारदा दुःखीच असते ना!

एका शनिवारी ती आली नाही. निरोप नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन लागेना. सोमवारी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. ती क्लासला गेली होती. आजींनी बसवलं, चहा ठेवला, इकडचं तिकडचं विचारलं. आम्ही म्हटलं, आजी, ती तालमीला येत नाही, काही झालं का? आजी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुम्ही चांगलंच शिकवता, मला कौतुक आहे. पण ती माझ्याशी मराठीत बोलेनाशी झाली आहे हो. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. परवा मी म्हटलं, अगं, असं का? तर म्हणाली, आजी, मुझसे ग़लत होता है.”

चहा तसाच राहिला. आम्ही घरी येईपर्यंत एकमेकींशी बोललो नाही.

विचार करा. त्या घरात मराठी बोलणारं ते एक लहान माणूस. शुद्ध असो, अशुद्ध असो, रोज आजीच्या कानावर पडत होती. आम्ही मराठी टिकवायला निघालो आणि ती एका घरातून काढून घेऊन आलो. आणि नाटक कोणतं बसवत होतो? ज्यात सगळी मोठी माणसं मुलीच्या भल्याचं ठरवतात आणि तिला विचारत नाहीत. त्या रात्री संहिता उघडली तेव्हा आम्हाला कांचनभटाकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. तिची माफी मागितली. मोठ्यांनी लहानांची माफी मागायची आपल्याकडे फारशी पद्धत नाही, त्यामुळे ती आमच्याहून जास्त अवघडली. मग तिनंच विचारलं, “काकू, शारदा असं बोलायची का खरंच? इंदूरमध्ये पहिल्यांदा झालं ना नाटक, तर लोक असंच बोलत होते का इथे?” प्रश्न साधा होता, आम्हाला कधी सुचला नव्हता. आम्ही तिला सांगितलं की पहिल्या प्रयोगात शारदा मुळी मुलगीच नव्हती. किर्लोस्कर मंडळीत तेव्हा बायकांच्या भूमिका मुलगे करीत. एखाद्या मुलानं लुगडं नेसून “आले”, “गेले” म्हणायची सवय केली असेल. त्यालाही कोणीतरी शिकवलं असेल आणि तोही घरी वेगळं बोलत असेल. शारदेची भाषा कोणाच्याच तोंडात आयती नव्हती. ती प्रत्येकानं अंगावर चढवली, लुगड्यासारखी. आणि प्रयोग झाल्यावर उतरवून ठेवली. घरची भाषा निराळी, ती कोणी उतरवायला सांगू नये.

हे आम्ही तिला समजावत होतो, पण बोलता बोलता आम्हालाच पहिल्यांदा समजत होतं.

ती परत आली. आम्ही तालमीची रीत बदलली, ती तुम्हाला सांगतो. वाक्य चालू असताना कोणालाही थांबवायचं नाही, प्रवेश पूर्ण होऊ द्यायचा. तालीम संपल्यावर एका माणसाला एका दिवशी तीनच सूचना, चौथी दुसऱ्या दिवशी. उच्चाराची सूचना चारचौघांत द्यायची नाही, वहीत लिहून द्यायची. आणि तालमीच्या हॉलमध्ये, चहाला, जिन्यात, ज्याला जशी येते तशी मराठी. तिथे कोणी कोणाला दुरुस्त केलं तर त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कचोरी द्यायची. पहिल्या आठवड्यात आम्हा दोघींची चारदा कचोरी झाली.

‘ळ’चा प्रश्न मात्र उरला होता. तो सुटला तो एका सुनेमुळे. शारदेच्या मैत्रिणीची, वल्लरीची, भूमिका करायला आपल्या एका सभासदांची सून पुढे आली होती. तिचं माहेर उज्जैनकडचं, माळवी बोलणाऱ्या घरातलं. मराठी लग्नानंतर कानानं शिकलेली. तिला घेण्याबद्दल कुरबुर झाली होती, हे इथे बसलेल्यांना ठाऊक आहे. “निदान मराठी नाटकात तरी मराठी माणसं असू द्या,” असं एका सभेत म्हटलं गेलं. आम्ही तिला घेतलं ते खरं सांगायचं तर दुसरं कोणी नव्हतं म्हणून. तिनं आपलं पहिलं वाक्य म्हटलं आणि आम्ही चकित झालो. त्यातला ‘ळ’ आमच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ. विचारलं, हा कुठून शिकलीस? ती म्हणाली, “शिकायचं काय त्यात? आमच्या गावी माझी आजी ‘काळो’ म्हणते, ‘माळवो’ म्हणते. माझ्या तोंडात तो लहानपणापासून आहे.” ज्या ‘ळ’ला आम्ही आपली मालमत्ता समजत होतो, तो आम्ही राहतो त्या मातीतच होता. आमच्या मुलांनी तो शहरातल्या हिंदीत हरवला, आणि सुनेनं खेड्यातून परत आणला. मग वल्लरीनं शारदेला शिकवलं. दोघी जिन्यात बसून ‘काळा बाळ, पिवळं फळ’ असले शब्द माळवी आणि मराठी मिसळून तालावर म्हणायच्या आणि हसायच्या. आमच्या एक्केचाळीस खुणांनी झालं नाही ते त्या जिन्यात दोन आठवड्यांत झालं.

देवलांची वाक्यं आम्ही बदलली नाहीत. पण नांदीआधी एक छोटा प्रवेश आम्ही लिहिला, त्यात सूत्रधार आपल्या इंदुरी मराठीत बोलतो. “अहो, काय करून राह्यले तुम्ही सगळे? चला, बसा, नाटक सुरू होऊन राह्यलं!” प्रयोगाच्या रात्री या पहिल्याच वाक्याला जो हशा झाला, तो आपण स्वतःला ओळखल्याचा होता. आणि लगेच सगळ्या तेवीस जणांनी उभं राहून नांदी म्हटली. घरची भाषा आणि नाटकाची भाषा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, कोणाचं काही बिघडलं नाही.

तालमीतली आणखी एक आठवण सांगतो. मुली एक दिवस विचारू लागल्या की पैसे मुलीचा बाप घेतो हे खरं का? त्यांना हुंडा माहीत, हे उलटं माहीत नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं, या नाटकावरूनच शारदा कायदा झाला ना? हा समज आपल्याकडे पुष्कळ जणांचा आहे. तो कायदा १९२९ चा, आणि त्याला नाव पडलं ते अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्यावरून. मुलीचं वय निदान चौदा आणि मुलाचं अठरा असावं, असं त्यानं ठरवलं. देवलांची शारदा त्याच्या तीस वर्षं आधीची. नावाचा योगायोग, पण गैरसमज व्हावा असं त्यात काहीतरी आहे खरं. आमच्या भुजंगनाथांनी, वय वर्षं एकाहत्तर, त्या दिवशी गंभीर होऊन सांगितलं की त्यांच्या आजीचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं आणि ती कधी त्याबद्दल बोलली नाही. पुढच्या तालमीपासून त्यांनी भुजंगनाथ नुसता विनोदी करणं सोडलं. लोक हसायचे, आणि मग मध्येच हसू थांबायचं. आम्ही हे शिकवलं नव्हतं.

प्रयोगाची तारीख ठरवताना एक काळजी घ्या. अनंत चतुर्दशीच्या आसपास ठेवू नका. मिल बंद पडून वर्षं झाली, पण मिलच्या झांक्या निघतात आणि सगळं गाव रात्रभर रस्त्यावर असतं. तुमचं नाटक पाहायला गणपती एकटे उरतील. आम्ही पाचवा दिवस घेतला. पाऊस होता. पत्र्यावर तो इतका वाजत होता की पहिली दहा मिनिटं संवाद मागच्या रांगेपर्यंत पोचले नाहीत. आम्ही विंगेत देव पाण्यात घालून बसलो. नऊवाऱ्या होत्या बारा, त्यातल्या नऊ मंडळातल्या आज्यांच्या कपाटांतून आलेल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास येणाऱ्या. त्या आज्याच रंगपटात बसून मुलींना नेसवत होत्या. एका मुलीनं विचारलं, “आजी, सुटणार तर नाही?” आजी म्हणाल्या, “माझ्या लग्नात सुटली नाही, आता कशाला सुटते?”

शेवटच्या अंकात शारदा जिवावर उदार होऊन नदीकडे निघते, तिथे आमची मुलगी एका वाक्याला “मी आले” ऐवजी “मी आली” म्हणाली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीच्या हातात सवयीनं पेन्सिल होती. ती तिनं खाली ठेवली. पावसाचा आवाज थांबला होता, सभागृहात कोणी खोकत नव्हतं. तिसऱ्या रांगेत तिची आजी पदर तोंडाशी धरून बसली होती.

प्रयोग संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ आम्हाला शोधत आले. आम्ही म्हटलं, आता ही चूक निघणार. ते म्हणाले, “शेवटी ती एकदा ‘आली’ म्हणाली.” आम्ही म्हटलं, हो, राहून गेलं. ते म्हणाले, “माझी आई असंच म्हणायची.” एवढं बोलून छत्री उघडली आणि गेले.

तर नवीन दिग्दर्शक मंडळींनो, आमच्याजवळ सांगण्यासारखं एवढंच आहे. काटछाट करा, पट्टी सांभाळा, वेळेत संपवा. ही कामं चुकली तर पुढल्या वर्षी सुधारता येतात. पण तालमीला आलेल्या पोराला किंवा पोरीला घरी जाताना असं वाटलं, की ही भाषा माझी नाही, ती चुकल्याशिवाय मला बोलता येत नाही, तर पुढच्या वर्षी तो येणार नाही, आणि त्याच्या मुलांना तर आपलं मंडळ कुठे आहे हेही माहीत नसेल. देवलांचं वाक्य देवलांसारखं म्हणवून घ्या, जरूर घ्या. पण ते म्हणणाऱ्याचं स्वतःचं वाक्य मोडू नका.

आमची शारदा पुढच्या महिन्यात शिकायला दुसऱ्या गावी जाते आहे. परवा सांगायला आली होती. निघताना दारात उभी राहून म्हणाली, “काकू, मी दिवाळीला येऊन राह्यली बरं का, यंदाच्या नाटकाचे फोटो दाखवा.” आमच्यातल्या शाळामास्तरणीच्या ओठांवर ‘येते आहे’ आलं होतं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, “ये गं, वाट पाहून राह्यलो.”

यंदाच्या मंडळींना आमच्या शुभेच्छा. प्रॉम्प्टर हवा असेल तर आम्ही दोघी मोकळ्या आहोत; पेन्सिल आणणार नाही.

गणपती बाप्पा मोरया.